जुन्या लॅपटॉपचं बायोस: कंपनीचं राहू द्यावं की कोअरबूट टाकावं?

रॅम वाढवली, एसएसडी बसवली, तोवर लॅपटॉपने कुरकुर केली नाही. मग वायफाय कार्ड बदललं आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: हे नेटवर्क कार्ड मान्य नाही, काढून टाका. पुढे बूटच होईना. कार्ड धडधाकट, स्लॉटही तोच. फक्त कंपनीच्या बायोसमधल्या, म्हणजे मशीन चालू करताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या, यादीत त्याचं नाव नव्हतं. कार्ड आणि अँटेना यांना रेडिओची मंजुरी एकत्र मिळते म्हणून ही यादी, असं सांगतात. असेलही. पण तीच चिप कंपनीचा पार्ट नंबर लावून आली की निमूट चालते, हे काही मला पचलं नाही.

तरी कंपनीच्या बायोसला नावं ठेवणार नाही. बॅटरी, फंक्शन की, स्लीप, सगळं बिनबोभाट चालतं. रोजचं काम त्या एकाच मशीनवर असेल, तर हात लावू नका.

कोअरबूट मात्र वेगळं प्रकरण: कंपनीच्या बायोसच्या जागी टाकायचं, खुल्या कोडचं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत लिनक्सबायोस म्हणून सुरू झालं, २००८ मध्ये आजचं नाव घेतलं. त्यात अशी यादी नाही. पण पहिल्यांदा टाकायला बहुधा लॅपटॉप उघडून बायोसच्या आठ पायांच्या चिपवर प्रोग्रॅमरची (चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाची) क्लिप लावावी लागते. बॅटरी, चार्जर आधी काढायचे. मूळ बायोस दोनदा वाचून फाइली ताडून पाहायच्या. माझ्या पहिल्या दोन जुळल्याच नाहीत, क्लिप जरा तिरकी बसली होती. तशीच पुढे रेटली असती तर परतीची वाट बंद. काही स्वस्त प्रोग्रॅमर ३.३ व्होल्टच्या चिपला डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतात, तेही बघून घ्या.

शिवाय सगळं मोकळं होतं असंही नाही. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे चिपसेटमध्ये स्वतंत्रपणे चालणारी छोटी यंत्रणा, बहुतेक मशीनमध्ये छाटता येतं, पुरतं काढता येत नाही. २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून तर बूट गार्ड आलं: कंपनीने ते चालू करून आपली किल्ली चिपसेटमध्ये कायमची कोरली असेल, तर तिच्या सहीशिवाय दुसरं फर्मवेअर, म्हणजे कोअरबूटही, सुरूच होत नाही. म्हणून आधी आपलं मॉडेल कोअरबूटच्या यादीत आहे का ते पाहा. २०११-१२ च्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज प्रोसेसरच्या बऱ्याच मशीन तिथे सापडतील.

माझं मशीन सापडलं. ते नाकारलेलं कार्ड आता त्यातच आहे. कंपनीच्या बायोसची फाइल दोन पेन ड्राइव्हवर जपून ठेवलीय. परत टाकायची वेळ अजून आलेली नाही.