कीमुनचं बांधलेलं फूल घ्यावं, सुटा कीमुन की युन्नानचे मोती?

हे तिन्ही चीनचे काळे चहा, पण आधी एकच विचारते, दूध घालणार आहात का? घालणार असाल तर यातलं काहीच घेऊ नका, आपली रोजची दाणेदार सीटीसी पावडरच बेस्ट, कारण हे तिन्ही अख्ख्या पानांचे चहा आहेत आणि आलं-साखर-दूध घालून उकळले की पैसे पाण्यात. कोरा पिणार असाल तर पुढे वाचा.

बांधलेलं फूल म्हणजे मुदान नावाचा चहा. आनह्वी प्रांतातल्या चीमन भागाचा, जगात ज्याला कीमुन म्हणतात तोच. कळी आणि खालची पानं लांबच्या लांब ठेवतात आणि ओलसर, मऊ असतानाच सुती दोऱ्याने बांधून पसरवतात, मग वाळवतात (वाळल्यावर बांधायला गेलं तर चुराच होईल). दिसतं शेवंतीच्या सुकलेल्या फुलासारखं. काचेच्या ग्लासात टाकून उकळी जरा बसलेलं पाणी ओतलं की आधी तरंगतं, दोऱ्याजवळून बुडबुडे सुटतात, मग कडेची पानं एकेक करून वाकतात आणि त्यांच्या टोकांतून तांबूस रंग खाली उतरायला लागतो. पण गाठीजवळचा भाग तेव्हा कोरडाच असतो! म्हणून पहिला कप फिकाच लागतो, चार-पाच मिनिटं द्याच, आणि ग्लास अर्धा उरला की त्यातच परत गरम पाणी घाला, दुसरा-तिसरा कप खरा. गाळणी लागत नाही, कडवटपणा कमी, गोडसर चव. माझा जीव यातच अडकलाय.

तोटा सांगायचा तर माप तुमच्या हातात राहत नाही, एक फूल म्हणजे एक फूल, लहान कपाला जास्तच होतं. १ ग्रॅमला ५० मिली पाणी धरा आणि त्या हिशोबाने ग्लास मोठा घ्या. शिवाय किमतीत हातकामाचे पैसे असतात, त्यामुळे तेवढ्याच पैशात सुट्यामध्ये वरच्या दर्जाचं पान मिळू शकतं.

नुसती चव हवी असेल तर सुटा कीमुनच घ्या. हा चहा १८७५ च्या सुमारास सुरू झाला, इंग्लंडमध्ये ब्रेकफास्ट चहाच्या मिश्रणात मानाने जायचा. बारीक वळलेली काळी पत्ती, तीन मिनिटांत तयार, फुलाचा आणि थोडा कोकोचा वास. ऑफिसला निघायच्या घाईत हाच.

युन्नानचे मोती बांधलेले नसतात, हाताने गोळी वळलेली असते. हा दियान होंग, म्हणजे युन्नान प्रांताचा काळा चहा, १९३८-३९ मध्ये चीनचं जपानशी युद्ध चालू असताना तिथल्या फंगछिंगकडे सुरू झाला कारण पूर्वेकडचे चहाचे भाग युद्धात सापडले होते. पान मोठं, आसामच्याच जातीचं, त्यामुळे आपल्या जिभेला लवकर पटतो, मधासारखा, भरदार. चार-पाच मोती टाका, हवं तर एक कमी करा, म्हणजे माप हातात राहतं. सवय दुधाच्या चहाची असेल आणि कोऱ्याकडे वळायचं असेल तर मी यालाच मत देईन.

घरी निवांत बसणारं कोणी असेल, आईबाबांना काही वेगळं द्यायचं असेल तर मुदान. फक्त मोगरा-झेंडू आत शिवलेल्या फुलणाऱ्या गोळ्या मुदान म्हणून घेऊ नका, त्या बहुतेक ग्रीन टीच्या असतात आणि तिथे भाव फुलाला जास्त, पानाला कमी. घेताना फूल उलटं करून बघा, पानं टोकापर्यंत अख्खी हवीत, पाकिटाच्या तळाशी भुकटी नको, आणि अत्तरासारखा वास आला तर सरळ ठेवून द्या.