रेनमीटर आठ महिन्यांनंतर: घड्याळ देखणं आहे, पण मराठी फाइल जपून सेव्ह करा

रेनमीटर हा विंडोजच्या डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान अशा छोट्या चौकटी, म्हणजे ‘स्किन्स’, दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या घड्याळात ‘सोमवार’च्या जागी अचानक टिंबं-रेघा डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरं दिसू लागली, तर फॉन्ट बदलत बसू नका. दोष फॉन्टचा नाही, फाइल कशी सेव्ह झाली त्याचा आहे. आठ महिने रोजच्या वापरानंतर सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं, कारण मराठीत डेस्कटॉप सजवणाऱ्याला हमखास ठेच लागते ती इथेच.

रेनमीटरला स्किनची आयएनआय फाइल (जिच्यात स्किनच्या सूचना लिहिलेल्या असतात ती साधी मजकूर फाइल) एएनएसआय किंवा यूटीएफ-१६ एलई एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या या दोनपैकी एका पद्धतीत, लागते. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ या तिसऱ्याच पद्धतीत सेव्ह करतं. रेनमीटर ती एएनएसआय समजून वाचतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं, म्हणून ‘स’ एकटाच तीन अनोळखी अक्षरं होऊन उमटतो. हे दुरुस्त होतं. पण एखाद्या जुन्या एडिटरने तीच फाइल एएनएसआय म्हणून सेव्ह केली, तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि मूळ मजकूर कायमचा जातो. तो पुन्हा टाइप करण्यावाचून गत्यंतर नाही.

उपाय मिनिटभराचा आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेव्ह ॲज’ घ्या, खालच्या एन्कोडिंगच्या यादीतून ‘यूटीएफ-१६ एलई’ निवडा, त्याच नावाने सेव्ह करा आणि स्किनवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’ करा. रंग आणि शब्द वेगळ्या इन्क्लूड फाइलीत (स्किन आपल्यात ओढून घेते त्या जोडफाइलीत) ठेवले असतील तर तिलाही हेच करायचं. नेमकी तीच विसरली जाते आणि अर्धं घड्याळ मराठी, अर्धं अगम्य असं दिसतं.

वार आणि अंक मराठीत आणायला आयएनआय फाइलीतला ‘सब्स्टिट्यूट’ (एका मजकुराच्या जागी दुसरा दाखवण्याची सूचना) पुरतो: वारांच्या सात जोड्या, अंकांच्या दहा. जोड्या डावीकडून क्रमाने लागू होतात, म्हणून ‘संडे’ची जोडी आधी आणि नुसत्या ‘सन’ची नंतर ठेवा, नाहीतर ‘रवि’ला इंग्रजी शेपूट चिकटते. फॉन्ट निर्मला यूआय द्या, तो विंडोजबरोबरच येतो.

हवामानाची स्किन सुरुवातीला मला सगळ्यात जास्त आवडली होती. ते मत आता बदललं आहे. अशा बऱ्याच स्किन्स रेनमीटरमधल्या वेबपार्सर या सोयीने एखाद्या वेबपानातून ठरावीक खुणांमधला मजकूर उचलतात. त्या पानाची मांडणी बदलली की आकडा गोठतो किंवा रकाना रिकामा राहतो. दर वेळी दुरुस्त करत बसण्याइतकं ते मोलाचं नाही. घड्याळ आणि डिस्कमधली मोकळी जागा एवढंच ठेवलं आहे. घड्याळाचा ‘अपडेट’, म्हणजे किती वेळाने ताजं व्हायचं तो आकडा, १००० मिलिसेकंदच असू द्या. प्रोसेसरचं काम वाचवायला त्याला ६० चा डिव्हायडर लावला, म्हणजे साठ अपडेटमधून एकदाच ताजं व्हायला सांगितलं, तर मिनिट बदलल्याचं जवळजवळ मिनिटभर उशिरा कळू शकतं. डिस्कच्या आकड्याला मात्र तो खुशाल लावा. ‘पोझिशन’ ‘ऑन डेस्कटॉप’ ठेवली की विंडोज आणि डी दाबल्यावरही स्किन जागेवर राहते.

आता आयकॉन. राइट क्लिक, ‘व्ह्यू’, ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ची खूण काढली की पडदा स्वच्छ दिसतो, पण फाइली डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये तशाच पडून असतात. याला आवराआवर म्हणता येत नाही. शिवाय समोर दिसतो तो डेस्कटॉप दोन फोल्डरांचा मिळून बनलेला असतो: एक तुमचा, दुसरा ‘पब्लिक’ खात्यातला, एरवी लपलेला. बरेच इन्स्टॉलर आपला शॉर्टकट त्या दुसऱ्यात टाकतात, म्हणून तो काढताना ॲडमिनची परवानगी मागितली जाते. काही प्रोग्राम तर अपडेट झाले की तो पुन्हा आणून ठेवतात. शॉर्टकट काढल्याने प्रोग्राम जात नाही, तेव्हा बेधडक काढा.

रेनमीटर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि एवढ्यासाठी पैसे मागणारं दुसरं काही घेण्याची मला तरी गरज वाटली नाही. मांडणी मनासारखी झाली की ‘मॅनेज’मधल्या ‘लेआउट्स’मध्ये ती नाव देऊन सेव्ह करा, बाहेरचा मॉनिटर काढल्यावर स्किन्स विस्कटल्या तर तिथूनच परत आणता येतात. बॅकअप घेताना मात्र डॉक्युमेंट्समधलं ‘स्किन्स’ फोल्डर एकटं घेऊ नका. कोणती स्किन कुठे लावली आहे हे ‘ॲपडेटा’मधल्या रेनमीटरच्या आयएनआय फाइलीत असतं, तीही सोबत घ्या.