वेळेनुसार प्रणाली निवडणे : ग्रबमधील अट की लिनक्समधील क्रॉन?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील आणि दिवसा एक, रात्री दुसरी आपोआप सुरू व्हावी अशी गरज असेल, तर दोन मार्ग आहेत; दोन्हींत ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताना कोणती प्रणाली चालवायची हे ठरवणारा प्रोग्राम, कामी येतो. पहिला मार्ग म्हणजे लिनक्समध्ये क्रॉनद्वारे (ठरलेल्या वेळी आपोआप कामे करणारी सेवा) ठरावीक वेळी 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ही, पुढे कोणती प्रणाली सुरू व्हावी हे नोंदवणारी आज्ञा चालवणे. ग्रबच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय 'सेव्ह्ड' (जतन केलेली निवड) ठेवला की हे सहज जमते. मात्र त्या क्षणी संगणक बंद असेल किंवा विंडोज चालू असेल, तर बदल होतच नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

दुसऱ्या मार्गात निर्णय ग्रब स्वतः घेतो. त्याचे 'डेटहूक' मॉड्यूल तास, वार, महिना यांची मूल्ये पुरवते. त्यामुळे '९ ते १८ या तासांत विंडोज, एरवी लिनक्स' अशी अट लिहिता येते आणि ती प्रत्येक वेळी, आधी कोणती प्रणाली चालू होती याचा विचार न करता, तपासली जाते. येथे घड्याळाकडे मात्र काटेकोर लक्ष हवे : ग्रब मदरबोर्डवरील वेळ जशीच्या तशी वाचतो, लिनक्स ती बहुधा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते, तर विंडोज स्थानिक वेळेत. दोन्ही प्रणालींची पद्धत आधी एकसारखी केल्यास मी निःशंकपणे दुसराच मार्ग निवडेन.