आधी विचारपूस, मग व्यायाम: कोथरूडमधील गरोदर स्त्रियांच्या एका व्यायामवर्गाविषयी

कोथरूडमध्ये एक फिजिओथेरपिस्ट बाई गरोदर स्त्रियांसाठी व्यायामवर्ग चालवतात. चौथ्या महिन्यापासून नववा लागेपर्यंत मी तेथे जात होते. अशा वर्गाच्या शोधात असलेल्या स्त्रियांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वर्ग आठवड्यातून तीन दिवस, एकेक तासाचा असतो आणि उरलेल्या दिवशी जमेल तसे चालावे, अशी अपेक्षा असते. कोणतीही वैद्यकीय अडचण नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. वर्गाची आखणी त्याला धरूनच आहे.

या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू व्यायाम सुरू होण्यापूर्वीच लक्षात येते. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय येथे कोणालाही प्रवेश मिळत नाही. शिवाय एक प्रश्नावली भरावी लागते: पूर्वी गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती झाली आहे का, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातला आहे का, सोनोग्राफीत वार खाली असल्याचे सांगितले आहे का, जुळी आहेत का, मध्ये कधी रक्तस्राव झाला होता का, रक्तदाबाचा, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, आणि शेवटच्या तपासणीत हिमोग्लोबिन किती होते. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. माझ्याबरोबरच्या एका मुलीचे हिमोग्लोबिन बरेच कमी होते. तिच्या डॉक्टरांशी बोलून बाईंनी तिला सुरुवातीला केवळ श्वसनाचे आणि बसून करण्याचे हलके व्यायाम दिले, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, याची आठवण तिला वरचेवर करून दिली. प्रत्येक वर्गापूर्वी रक्तदाब मोजला जातो. तो वाढलेला दिसला, तर त्या दिवशी व्यायाम न देता आधी डॉक्टरांना कळवायला सांगतात. इतकी विचारपूस काहींना जाचक वाटते, हे मी तेथे ऐकले आहे. मला मात्र तिच्यामुळेच निर्धास्तपणे व्यायाम करता आला.

प्रत्यक्ष तासात सुरुवातीला जागच्या जागी चालणे आणि खांदे, मान, घोटे मोकळे करणे असते. त्यानंतर भिंतीला पाठ टेकवून अर्ध्या बैठका, मार्जारासन, भद्रासन, कुशीवर झोपून पाय उचलणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम होतात. शेवटी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन विश्रांती दिली जाते. प्रत्येक गोष्टीचे कारण बाई समजावून सांगतात, आणि हे मला फार मोलाचे वाटले. दिवस भरत जातात तसे उताणे झोपल्यावर गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि चक्कर येऊ शकते. म्हणून पहिले तीन महिने उलटल्यावर पाठीवर बराच वेळ झोपून करायचे व्यायाम येथे बंद होतात. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, त्यामुळे शरीर एरवीपेक्षा जास्त वाकते. पण ते वाकते म्हणून ताणत राहिल्यास दुखापत होण्याचा संभव असतो. कपालभाती आणि श्वास कोंडून धरण्याचे प्रकार पूर्णपणे वर्ज्य आहेत. “ताई, श्वास चालू ठेवा,” हे वाक्य तासाभरात कितीदा तरी कानावर येते. व्यायामाचा जोर ठरवण्यासाठी नाडीच्या ठोक्यांवर विसंबत नाहीत, कारण गरोदरपणात ठोके मुळातच वाढलेले असतात. त्याऐवजी शेजारणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच दम लागू द्यायचा, ही साधी कसोटी वापरतात. मी आधी पाहिलेल्या एका ऑनलाइन वर्गात पाचव्या-सहाव्या महिन्यातील स्त्रियांना उताणे झोपवून पोटाचे व्यायाम करायला लावत होते. तो प्रकार आठवला की आजही काळजी वाटते.

तासाइतकाच उपयोग मला रोजच्या हालचालींबद्दलच्या सूचनांचा झाला. अंथरुणातून सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळायचे आणि हाताचा आधार घेऊन उठायचे, म्हणजे पोटाच्या मधल्या भागावर ताण येत नाही. सातव्या महिन्यात जांघेत आणि कमरेखाली दुखू लागले, तेव्हा कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून ठेवणे, सलवार बसून घालणे आणि जिना एकेक पायरी करून चढणे, एवढ्याने दुखणे पुष्कळ आटोक्यात आले. खोकला किंवा शिंक येण्याआधी तळाचे स्नायू आवळून धरण्याची सवयही तेथेच लागली.

एका बाबतीत मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. वर्गाच्या पत्रकावर “नॉर्मल प्रसूतीसाठी” असे ठळक अक्षरांत छापले आहे. नियमित व्यायामाने गरोदरपणातील मधुमेहाचा आणि प्रमाणाबाहेर वजन वाढण्याचा धोका कमी होतो, याला चांगला आधार आहे; सिझेरियनचे प्रमाणही व्यायाम करणाऱ्यांत काहीसे कमी दिसते. परंतु प्रसूती कशी होईल, याची हमी कोणताही वर्ग देऊ शकत नाही. आमच्यातील एकीचे बाळ शेवटपर्यंत पायाळूच राहिले आणि तिचे सिझेरियन करावे लागले. बाळ-बाळंतीण दोघेही सुखरूप होते. तरीही आपणच व्यायामात कमी पडलो, असे ती कितीतरी दिवस मनाला लावून घेत होती. इतक्या काळजीने शिकवणाऱ्या बाईंनी ते शब्द पत्रकावरून काढून टाकावेत, असे मी त्यांना सांगितले आहे आणि येथेही आग्रहाने सांगते.

जागा पहिल्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळच्या वर्गात फार उकडते, आणि गरोदरपणी शरीर जास्त तापणे योग्य नसल्याने उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्यावी. शनिवारी गर्दी इतकी होते, की प्रत्येकीकडे लक्ष पुरत नाही. शुल्क मध्यमवर्गीय घराला परवडणारे आहे, पण दिवसभर उभ्याने धुणी-भांडी करणाऱ्या गरोदर बाईला ते झेपणार नाही. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे येणाऱ्या बायकांना कूस कशी बदलावी आणि ओझे कसे उचलावे, एवढे जरी अशा जाणकार व्यक्तींनी शिकवले, तरी खूप होईल.

व्यायाम ताबडतोब केव्हा थांबवायचा, याचा तक्ता दारातच लावलेला आहे आणि त्याची प्रत घरी देतात. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, ठरावीक वेळाने येणाऱ्या वेदनादायक कळा, श्रमापूर्वीच लागलेली धाप, चक्कर, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, पोटरीत दुखणे किंवा सूज येणे, यांपैकी काहीही झाल्यास लगेच डॉक्टरांशी संपर्क साधायचा असतो. ही प्रत घरातील सर्वांच्या नजरेस पडेल अशी लावावी. बाळंतपणानंतरचा वर्गही तेथे आहे आणि त्यासाठी डॉक्टरांची परवानगी पुन्हा नव्याने आणावी लागते.