‘४५ दिवसांचं पिल्लू, घरपोच’: फसवणूक नेमकी कशी होते

‘लॅब्राडोर, ४५ दिवस पूर्ण, लस झालेली, पेपर्ससह, घरपोच.’ ही ओळ इतक्या जाहिरातींत असते की ४५ दिवस हेच पिल्लू आणायचं योग्य वय, असं लोक धरून चालतात. श्वानप्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू विकताच येत नाही. जाहिरातीतच नियमभंग लिहिलेला असतो आणि पुढची फसवणूक त्यावरच उभी राहते.

विक्रेत्याला घाई असते, कारण पिल्लू दूध सोडून खायला लागलं की रोजचा खर्च वाढतो, जंताचं औषध आणि लस करावी लागते. शिवाय केनेलमध्ये पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, शिरला असेल तर लक्षणं दिसायच्या आत पिल्लं खपवायची असतात. म्हणून ३०-३५ दिवसांचं पिल्लूही ४५ चं म्हणून हातात दिलं जातं. तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला साधारण २८ दुधाचे दात आलेले असतात. लहान जातींत थोडा उशीर होतो. आठ आठवड्यांचं म्हणून दिलेल्या पिल्लाच्या मागच्या दाढा अजून हिरडीत असतील, तर वय खोटं असण्याची शक्यता मोठी आहे.

‘लस झालेली’ याचा पुरावा म्हणून कार्ड मिळतं. खऱ्या कार्डावर लसीच्या कुपीचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का. नुसती पेनाने लिहिलेली तारीख असेल तर लस झालीच नाही असं समजा आणि शिक्क्यावरच्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. विक्रेत्याने दिलेल्या नंबरावर नको.

‘पेपर्स’ या शब्दानेही बरेच जण फसतात. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, तो विक्रीचा परवाना नव्हे. ब्रीडरची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते. पिल्लाला मायक्रोचिप, वयाप्रमाणे लस, पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि विक्रीची पावतीही हवी. चिपचा नंबर १५ अंकी असतो. स्टिकर कुठूनही आणता येतं, म्हणून पैसे देण्याआधी दवाखान्यात स्कॅनर फिरवून नंबर जुळवा. पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच सोडा.

सगळ्यात वाईट सापळा पिल्लू दगावल्यानंतरचा. पार्वोची लक्षणं संसर्गानंतर साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात: सुस्ती, उलट्या, मग रक्ताची, उग्र वासाची हगवण. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत पार्वो निघाला, तर रोग विक्रेत्याकडूनच आला. अशा वेळी तो म्हणतो, ‘तुम्ही दही दिलंत म्हणून झालं, पण असू दे, दुसरं पिल्लू देतो.’ ते पिल्लू घेऊ नका. पार्वोचा विषाणू फरशीच्या फटीत, भांड्यात, बिछान्यात कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरेल याचा भरवसा नाही. १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून, स्वच्छ केलेली जागा किमान १० मिनिटं ओली ठेवावी लागते. तरीही अशा घरात १६ आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस पूर्ण झालेलं जनावरच आणावं. बदली पिल्लू बहुधा तसंच तडफडून मरतं आणि तेव्हा दोष तुमच्या घराला दिला जातो.

बऱ्याच घरपोचवाल्यांकडे तर मुळात पिल्लूच नसतं. आधी आगाऊ रक्कम, मग विमानाच्या पिंजऱ्याचं भाडं, मग ‘परत मिळणारा’ विमा, प्रत्येक वेळी शेवटचेच पैसे म्हणून. ‘फुकट दत्तक, फक्त गाडीभाडं द्या’ हाही तोच प्रकार. परतावा देतो म्हणून क्यूआर पाठवला तर लक्षात ठेवा, यूपीआय पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते.

आजारी पिल्लू विकलं गेलं असेल तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यावर विसंबू नका. १९६० च्या या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, त्याला कोण घाबरेल? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीची तक्रार द्या. सोबत जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पार्वोच्या तपासणीचा अहवाल, दवाखान्याची बिलं आणि चॅट जपून ठेवा. पिल्लू दगावलं तर पुरण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करून घ्या. आणि मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा, तक्रार झाल्याचं कळताच ती काढून टाकली जाते.