वांद्र्याचा स्ट्रीट आर्ट फोटो वॉक: गाईड एक नंबर, बॅच मात्र फारच मोठी

चॅपल रोड आणि रणवार गावठाणातल्या भिंतींचा फोटो वॉक केला, एक लोकल ग्रुप घेतो, तक्रारही आहे म्हणून नाव टाकत नाही. पण गाईड मुलगी खरंच भारी. प्रत्येक भिंतीपाशी आधी कॅमेरा खाली ठेवायला लावायची आणि विचारायची, हे चित्र इथेच का असेल? चित्रकार रंजित दहियांचा बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट, म्हणजे हिंदी सिनेमा भिंतींवर रंगवायचा उपक्रम, 2012 मध्ये इथूनच सुरू झाला, चॅपल रोडवर अनारकली सिनेमाचं पोस्टर रंगवून. हा हरियाणातला माणूस आधी घरांना चुना मारायची कामं करायचा, मग एनआयडीला, म्हणजे अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत शिकला. फ्लेक्स आले आणि हाताने पोस्टर रंगवणाऱ्यांचं काम गेलं, ते या भिंतींवर परत दिसतं, हे कळल्यावर मी नुसता चेहरा टिपायचं सोडून ब्रशचे फटकारे जवळून घ्यायला लागलो.

एका घराच्या भिंतीवर मासे रंगवलेत आणि बरोबर मधे लाइट मीटरचा डबा, सगळे तो क्रॉप करत होते, ती म्हणाली राहू द्या, या भिंतीमागे लोक राहतात. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एका आजींनी टॉवेल वाळत टाकला, माझा त्या दिवसाचा बेस्ट फोटो तोच.

शेवटी वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या बिल्डिंगवरचे दादासाहेब फाळके, दहियांचंच 2014 चं काम. मी नाशिकचा, फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे ऊर भरून आला अगदी. इथे जवळ जाऊ नका, लांबून घ्या आणि फ्रेममधे रिक्षा नाहीतर माणूस येऊ द्या, नाहीतर ते केवढं प्रचंड आहे ते कळतच नाही.

आता तक्रार. गल्ली एवढीशी आणि माणसं किती! लोकांच्या दारात उभं राहून फोटो चाललेले, एका काकांना स्कूटर काढता येईना, मागच्यांना गाईडचा आवाजही नाही. चित्रांचा अर्थ समजावता आणि तिथल्याच माणसांची वाट अडवता, हे मला अजिबात पटलं नाही. बॅच निम्मी करा, फी वाढवली तरी चालेल. आणि दहाला सुरू करू नका हो, ऊन डोक्यावर आलेलं, वायरींच्या काळ्या सावल्या थेट चित्रावर, सातला बोलवा.

जाणारच असाल तर वीकडेची बॅच मिळते का विचारा, लेन्स 24 किंवा 35 मिमीची घ्या, भिंतीला अगदी समोरासमोर उभे रहा म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत आणि कोपऱ्यातली चित्रकाराची सही कापू नका.