गंडभेरुंड आणि कांगला-शा: दोन विनाशिकांची बोधचिन्हे

आयएनएस म्हैसूर आणि आयएनएस इम्फाळ या भारतीय नौदलाच्या विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर युद्धनौका. दोघीही मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आणि दोघींच्या बोधचिन्हांवर कल्पित प्राणी. म्हैसूरवर वोडेयार राजघराण्याचा दोन डोक्यांचा पक्षी गंडभेरुंड. एक चोच डावीकडे, दुसरी उजवीकडे. मला त्यात चौफेर पहारा दिसतो. ब्रीद तैत्तिरीय उपनिषदातले: 'न बिभेति कदाचन', कधीही भीत नाही. मूळ ओळीत हे ब्रह्मानंद जाणणाऱ्याबद्दल म्हटले आहे. म्हणजे ही निर्भयता ज्ञानातून येते, नुसत्या शस्त्रबळातून नव्हे. युद्धनौकेसाठी याहून खोल ब्रीद मला सुचत नाही.

२०२३ साली नौदलात आलेल्या इम्फाळच्या चिन्हात एका बाजूला कांगला राजवाडा, दुसऱ्या बाजूला मणिपूरचा राखणदार कांगला-शा: धड सिंहाचे, मस्तक ड्रॅगनचे. इम्फाळच्या कांगला किल्ल्यातल्या त्याच्या दोन मूर्ती इंग्रजांनी १८९१च्या युद्धानंतर उद्ध्वस्त केल्या होत्या. ईशान्येतल्या शहराचे नाव मिळालेली ही पहिली युद्धनौका. तिच्यावर नेमका तोच राखणदार उभा आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

ब्रीदासाठी माझे मत म्हैसूरला, चिन्हासाठी निःसंशय इम्फाळला.